नाताळची गोष्ट मुलांना पूर्ण सांगता का? (हेरोदासकट)

साळुंकी | १ डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती, आता पिंपरीत राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. सासूबाई आमच्याजवळच असतात.

गेल्या वर्षी चर्चमधल्या नाताळच्या नाटकात मुलाला हेरोदाच्या, म्हणजे बाळ येशूला संपवायला बेथलेहेममधली तान्ही बाळं मारायला लावणाऱ्या राजाच्या, शिपायाचं काम मिळालं. पुठ्ठ्याची तलवार, तिला चंदेरी कागद, स्वारी एकदम खूश. नाटक झालं, फराळ झाला, आणि स्कूटरवरून घरी येताना मागून प्रश्न आला, "आई, पळून जा म्हणून देवदूताने फक्त योसेफालाच का सांगितलं? बाकीच्या बाळांच्या आयांना का नाही सांगितलं?"

मला काही सुचेना. घरी गेल्यावर सांगते म्हटलं आणि सांगितलं नाही.

परवा माळ्यावरून तारा काढला, वायर तपासत होतो, तेव्हा त्याने तोच प्रश्न जसाच्या तसा पुन्हा विचारला. वर्षभर त्याच्या डोक्यात होता तो. शाळेत मुलांना नाताळ म्हणजे सांताक्लॉज एवढंच कळतं, म्हणून या वर्षी रोज रात्री थोडी थोडी गोष्ट सांगायची असं मी ठरवलं होतं. आता सुरुवात करायलाच कचरतेय.

तर विचारायचं हे की तुम्ही ही गोष्ट कुठपर्यंत सांगता? मेंढपाळ आले, मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी) आले, इथे थांबता की पुढचंही सांगता? आणि पवित्र शास्त्रातून (बायबलमधून) वाचून दाखवता की आपल्या शब्दांत?

आंबेमोहर | १ डिसेंबर, रात्री १०:४०

मुलाने मलाही विचारात पाडलं. वाचतेय.

नंदाखालकर | १ डिसेंबर, रात्री ११:०५

साळुंकीताई, आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे गोष्ट सांगायची म्हणून कुणी बसत नाही, गोठा बांधता बांधता ती सांगून होते. आत्ताच वाडीत पेंढा जमवायला सुरुवात झालीय. बांबू, गोणपाट, खालच्या माळासाठी टोपल्यांत रुजत घातलेली नाचणी. गोठ्यात मारिया, जोसेफ, गुरं, मेंढपाळ सगळे आधीपासून ठेवतो, गव्हाण मात्र २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी असते. मध्यरात्रीच्या मिस्साहून आल्यावर घरातल्या सगळ्यांत धाकट्याने बाळ ठेवायचं. आई आम्हाला सांगायची, कुणाचं एखादं काम न सांगता केलं की गव्हाणीत पेंढ्याची एक काडी टाका, बाळाला मऊ लागेल. माझ्या भावाने एका दिवसात मूठभर टाकल्या होत्या, त्यावरून झालेलं भांडण अजून आठवतं.

आजी गोष्ट कादोडीत, आमच्या वसईच्या बोलीत सांगायची, प्रमाण मराठीत नाही. त्यामुळे सात-आठ वर्षांचा होईपर्यंत बेथलेहेम अर्नाळ्याच्या जरा पुढे आहे असं मला वाटायचं. तिथली माणसं आमच्यासारखं बोलतात म्हटल्यावर गाव लांब कसं असेल?

हेरोदाचं विचाराल तर मी मुलींना त्या दहाच्या होईपर्यंत सांगितलं नाही. सणाच्या दिवसांत लहान मुलांना घाबरवू नये असं माझं मत.

डोंगरवाट | २ डिसेंबर, सकाळी ८:२०

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. कोणत्याही धर्माच्या कथा इतक्या लहान वयात श्रद्धा म्हणून सांगूच नयेत. मोठी झाली की वाचतील आणि ठरवतील. नऊ वर्षांच्या मुलाने नेमक्या जागी बोट ठेवलंय. एका बाळाला वाचवणारा देव बाकीच्यांना का वाचवत नाही, याला उत्तर नाही. उगाच काहीतरी जुळवून सांगू नका एवढंच म्हणणं.

भिंगारकर | २ डिसेंबर, सकाळी ९:१५

डोंगरवाट, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. पहिलं नाही. मोठेपणी निवडायला आधी हातात काही असावं लागतं. माझे वडील चर्चला जात नाहीत, चाळीस वर्षं झाली. पण उधळ्या पुत्राची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज आजही बदलतो. ती त्यांना त्यांच्या आजोबांनी दिली, आणि चर्च सोडताना त्यांनी ती सोडली नाही.

ते आजोबा कीर्तन करायचे. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तन उचललं होतं. झांजा, पेटी, पूर्वरंग, उत्तररंग सगळं तेच, आख्यान मात्र चांगल्या शोमरोन्याचं किंवा हरवलेल्या मेंढराचं. येशू जे सांगायचा त्याला आपल्या शास्त्रात शब्दच 'दृष्टांत' आहे, आणि दृष्टांत म्हटला की आपल्याकडच्या माणसाला कीर्तनात बसल्यासारखं वाटतं. पोरं पेंगायला लागली की आजोबा मध्येच एकाला उभं करायचे, "तू मेंढरू, पळ!" आणि सगळ्यांनी त्याला शोधायचं.

साळुंकी, एक सुचवू? मुलांना गावाकडे आणा. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे आपल्या भागातून जातात, शेतकरी रात्री रानात मेंढरं बसवून घेतात. मी पोराला गेल्या वर्षी तिथे नेलं. थंडी, कुत्री, शेकोटी, घोंगडीत बसलेला माणूस. लूकच्या शुभवर्तमानातलं, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातलं ते वाक्य, रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ, त्याला परत समजावून सांगावं लागलं नाही. देवाने पहिली बातमी राजवाड्यात न देता यांना का दिली, हेही त्यानेच विचारलं.

मेधा_के | २ डिसेंबर, दुपारी १:३०

मी हिंदू आहे, इथे बोललं तर चालेल ना? माझ्या मुलीची जिवलग मैत्रीण ख्रिस्ती. तिच्याकडे नाताळला गेलो होतो, तिथे तिच्या आजोबांनी ही गोष्ट सांगितली. राजा बाळांना मारायला निघाला म्हटल्याबरोबर माझी लेक ओरडली, "अरे, हा तर कंस!" आजोबा खूप हसले आणि म्हणाले, मग पुढचं तू सांग. ती म्हणाली, बाबा बाळाला घेऊन रात्री पळाले आणि नदी ओलांडली. आजोबा म्हणाले, "नदी नाही, वाळवंट. बाकी बरोबर."

त्यामुळे मला वाटतं मुलं अशा गोष्टींना आपण समजतो तेवढी घाबरत नाहीत. देवकीची सहा बाळं तर आपण गोकुळाष्टमीला सहज सांगून जातो.

जुनी_वही | २ डिसेंबर, दुपारी ४:५०

मेधाताई, बोललं तर चालेल का असं विचारूही नका.

कंसाची आठवण होणं साहजिक आहे, पण मी पुढच्या श्वासात वेगळेपणही सांगतो. कृष्ण परत येऊन कंसाला मारतो. येशू हेरोदाला मारत नाही. हेरोद आपल्या मरणाने मरतो, मग योसेफ कुटुंबाला घेऊन परततो आणि बेथलेहेमला न जाता नासरेथला राहतो. दोन्ही गोष्टी एकाच पातेल्यात ढवळल्या तर दोन्हींची चव जाते.

मी काही वर्षं शास्त्र शिकलोय, आता शब्बाथ शाळेत शिकवतो. वाचून दाखवावं की आपल्या शब्दांत सांगावं, यावर माझं उत्तर: आधी आपल्या शब्दांत, मग त्याच रात्री मूळ ओळी वाचून. लूकच्या दुसऱ्या अध्यायातली जन्माची गोष्ट वीस ओव्यांत संपते, मुलं तेवढं बसतात. आणि आपल्या मराठी भाषांतरातले शब्द किती घरातले आहेत पाहा. बाळंतं, गव्हाणी, उतारशाळा. मुलीने 'बाळंतं म्हणजे काय' विचारलं की तिचंच जुनं बाळंतं पेटीतून काढून दाखवायचं.

उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळ गव्हाणीत ठेवलं, त्या उतारशाळेवरून एक सांगण्यासारखं. लूकने तिथे जो ग्रीक शब्द वापरलाय, तोच पुढे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरलाय. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत जखमी माणसाला जिथे ठेवतात त्या धर्मशाळेला मात्र त्याने निराळा शब्द वापरला. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की इथे खाणावळ-धर्मशाळा नाहीच, घरातली पाहुण्यांची खोली आहे. ती भरलेली होती. त्या काळच्या तिथल्या साध्या घरात माणसं वरच्या भागात आणि रात्री जनावरं खालच्या भागात, एकाच छपराखाली. गव्हाणी म्हणजे घरातलीच. आपल्या खेड्यांत सोप्यालगत गोठा असायचा, तसंच काहीसं. मुलांना हे सांगितलं की हाकलून देणारा दुष्ट मालक गोष्टीतून जातो आणि दाटीवाटीने सरकून जागा करणारे नातेवाईक येतात.

हेरोदाबद्दल रात्री लिहितो, आत्ता वर्ग आहे.

कढीपत्ता | २ डिसेंबर, रात्री ८:००

म्हणजे तो मालक पुस्तकात नाहीच?! मी शाळेत दोन वर्षं ते काम केलंय, "जागा नाही, जागा नाही!"

आम्ही न्यू जर्सीत. इथे मुलांशी आमचा एक खेळ चालतो, 'हे पुस्तकात आहे का?' शुभवर्तमान उघडून बसायचं आणि शोधायचं. गाढव? नाही. बैल? नाही. मागी तीन होते? संख्या दिलेलीच नाही, भेटी तीन आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस. राजे होते? तसं लिहिलेलं नाही. गव्हाणीपाशी आले? दुसरं शुभवर्तमान लिहिणारा मत्तय म्हणतो घरात आले. माझा मुलगा तर आता चर्चमधल्या मोठ्या माणसांना गाठून विचारतो. मुलांना मोठ्यांपेक्षा आपल्याला जास्त माहीत आहे ही भावना फार आवडते, आणि त्या नादात दोन्ही अध्याय पाठ झालेत.

नंदाखालकर | २ डिसेंबर, रात्री ८:२५

गाढव-बैल काढू नका हो आमच्या गोठ्यातून! संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली ग्रेच्चो गावात खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाण मांडली होती. बाळ किती गरिबीत जन्मलं ते लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. पुस्तकात नसले तरी आठशे वर्षांचे पाहुणे आहेत ते.

दर्यावर्दी | २ डिसेंबर, रात्री ९:१०

मागींचा विषय निघालाच तर गोव्याचं सांगतो. ६ जानेवारीला कासावलीत तीन रायांचं फेस्त असतं. कासावली, अरोशी आणि कुएली, तिन्ही गावांतला एकेक मुलगा राजा होतो. मुकुट, झगा, घोडा. तिघे वेगवेगळ्या वाटांनी कुएलीच्या टेकडीवरच्या कपेलाकडे (छोट्या चर्चकडे) येतात. वाटेवर माणसंच माणसं. माझा चुलतभाऊ एका वर्षी राजा झाला होता. तो आज पन्नाशीचा आहे, पण गावात त्याची ओळख सांगताना अजून ते सांगतात. ज्या मुलाने ती टेकडी घोड्यावर बसून चढली त्याला गोष्ट वेगळी सांगावी लागते का?

आणि कीर्तनाचं वाचून आठवलं, आमच्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं. जन्माने इंग्रज माणूस, आणि सगळी कथा मराठी ओवीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ती तुटली होती. म्हणून त्यांना त्यांच्याच चालीत गोष्ट दिली. चारशे वर्षं आपण हेच करतोय.

पारोसा | २ डिसेंबर, रात्री ९:३०

धागा भरकटलाय पण मस्त भरकटलाय. कुणाकडे दोदोलची खात्रीची कृती आहे का?

दर्यावर्दी | २ डिसेंबर, रात्री ९:३४

आहे. तांदळाचं पीठ, माडाचा गूळ, नारळाचा रस आणि दोन तास ढवळणारा हात. हाताची सोय झाली की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रेवदंडा_ते_अश्दोद | २ डिसेंबर, रात्री ११:४५

शालोम मंडळी. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू; आजोबा रेवदंड्याचे, मी इस्राएलमध्ये अश्दोदला वाढले. घरात मराठी अजून आहे. नाताळ आमचा सण नाही, पण धागा वाचताना राहवलं नाही.

तुमच्या गोष्टीतलं घर ज्यू घर आहे, हे मुलांना जरूर सांगा. आठव्या दिवशी बाळाची सुंता झाली आणि नाव ठेवलं, असं तुमच्या लूकमध्येच आहे. नंतर मंदिरात नेलं तेव्हा पारव्यांची जोडी अर्पण केली. तोराहप्रमाणे (आमच्या धर्मशास्त्राप्रमाणे) ऐपत असलेल्याने कोकरू द्यायचं, नसलेल्याने पक्षी. म्हणजे घरची परिस्थिती काय होती ते त्या एका जोडीवरून कळतं. मुलगा झाल्यावर चाळीस दिवसांनी बाईने मंदिरात जायचं. माझी आजी हे सांगताना म्हणायची, सव्वा महिना झाला की! तिच्या कोकणी कानाला ते अगदी ओळखीचं होतं.

आजीकडे कीर्तनंसुद्धा होती, आमच्या लोकांनीही मराठीत तोराहमधल्या योसेफाची, मोशेची आख्यानं केली. आणि एलियाहू हानबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने मलिदा. पोहे, गूळ, खोबरं, फळं मोठ्या ताटात. आम्ही मुलं मलिदा वाटेपर्यंत तग धरायला म्हणून त्याच्या गोष्टी ऐकायचो. आता त्याच माझ्या मुलांना सांगते, मलिदाही करते.

भिंगारकर | ३ डिसेंबर, सकाळी ७:५०

ताई, पारव्यांच्या जोडीचं मी इतकी वर्षं वाचतोय आणि कधी थांबलो नाही तिथे. आभार.

चिंचबोरं | ३ डिसेंबर, सकाळी १०:३०

मी बालवाडीत वीस वर्षं शिकवतेय, आता मूळ प्रश्नाकडे.

पाच वर्षांच्या लेकीला एवढंच पुरतं: राजाला राग आला, बाळाला धोका होता, आईबाबा त्याला घेऊन रात्रीच मिसर देशात गेले, तिथे सुरक्षित राहिले. तिला शेवट सुरक्षित लागतो. मुलगा वेगळा. त्याने प्रश्न विचारलाय म्हणजे त्याला ते माहीत आहे. माहीत असलेलं त्याच्यापासून लपवलं तर तो एकटाच त्याच्याशी झगडत बसेल, आणि वर्षभर तो तेच करत होता. तलवार त्याच्या हातात होती हे विसरू नका. नाटकात का होईना, बाळं मारायला गेलेला तो होता.

दोघांना एकत्र बसवून एकच गोष्ट सांगू नका. धाकटी झोपल्यावर त्याला वेगळा वेळ द्या.

साळुंकी | ३ डिसेंबर, दुपारी २:१५

चिंचबोरंताई, तलवारीचं मला खरंच लक्षात आलं नव्हतं. ऑफिसात बसून वाचलं आणि गलबलून आलं. काल त्याने या वर्षी नाटकात शिपाई नको म्हणून सांगितलं, मी कारण विचारलंही नव्हतं.

जुनी_वही | ३ डिसेंबर, रात्री ९:००

काल राहिलेलं.

मत्तयाने हा प्रसंग सांगितला आणि 'असं का' हे सांगितलं नाही. देवाची काही योजना होती, ती बाळं स्वर्गात सुखी आहेत, असलं काही तो लिहीत नाही. तो तिथे यिर्मया संदेष्ट्याची एक जुनी ओळ ठेवतो: राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि कुणी समजूत घातलेली तिला नको आहे, कारण मुलं नाहीत. ही राहेल म्हणजे याकोबाची बायको. बेथलेहेमच्या वाटेवर बाळंतपणात गेली, तिथेच पुरली. यिर्मयाने तिचं रडणं लिहिलं ते बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांसाठी. मत्तयाने तेच रडणं बेथलेहेमच्या आयांना दिलं.

बेथलेहेम लहान गाव होतं, त्यामुळे अभ्यासक बाळांची संख्या दहा-वीसच्या घरात धरतात. चित्रांत हजारो दाखवतात. मला दहा-वीस जास्त जड वाटतं. तेवढ्यांची नावं गावात सगळ्यांना माहीत असतात.

मी वर्गात मुलांना सांगतो की का ते मला माहीत नाही. पण त्यांच्या आया रडल्या हे गाळू नये असं शुभवर्तमान लिहिणाऱ्याला वाटलं, आणि शेकडो वर्षं आपण ते दर नाताळात वाचतो. डोंगरवाट, तुमच्या आक्षेपावर माझ्याकडे एवढंच आहे, आणि ते उत्तर नाही हेही कबूल.

डोंगरवाट | ३ डिसेंबर, रात्री ९:४०

उत्तर नाही म्हणून सांगणारा शिक्षक मला लहानपणी भेटला असता तर बरं झालं असतं. धन्यवाद.

नंदाखालकर | ३ डिसेंबर, रात्री १०:१०

माझं पहिलं मत जरा मागे घेतो. आमच्या चर्चमध्ये २८ डिसेंबरला निष्पाप बालकांचा सण असतो, नाताळनंतर तिसऱ्याच दिवशी. सणात दुःख आणू नये म्हणतोय मी, आणि चर्चने ते आधीच सणाच्या मधोमध ठेवलंय.

आंबेमोहर | ४ डिसेंबर, सकाळी ११:००

लहान मुलांसाठी साध्या मराठीतलं काही आहे का वाचायला? आमच्याकडे जुनं पवित्र शास्त्र आहे, भाषा मुलांना जड जाते.

जुनी_वही | ४ डिसेंबर, दुपारी १२:२०

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल पाहा, वाचून दाखवायला सोपं जातं. साध्या मराठीची ओढ जुनीच आहे, पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं ते साध्या बायकांना कळावं म्हणूनच. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते छापून आलं. पण पाच-सहा वर्षांच्या मुलांना पुस्तकापेक्षा तुमचं तोंड बरं.

साळुंकी | १४ डिसेंबर, रात्री १०:३०

कळवायला उशीर झाला. रोज रात्री पंधरा मिनिटं चाललंय. लूकच्या सुरुवातीला जखऱ्या याजकाची वाचा जाते तिथून सुरू केलं. पाच वर्षांची लेक त्या दिवशी तासभर खुणांनीच बोलत होती. कढीपत्ता, तुमच्या खेळाने घरात धुमाकूळ आहे. काल पाळक घरी आले तर त्यांना दारातच "गाढव होतं का?" पाळक म्हणाले होतं, आणि अडकले. नासरेथ ते बेथलेहेम नकाशावर मोजलं, चालत शंभर किलोमीटरांच्या वर. पुण्याहून नगर चालत, दिवस भरलेल्या बाईने, असं म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, गाढव असेलच, लिहायचं राहिलं असेल.

बाळंत्याची घडीही काढून दाखवली. हेरोदापर्यंत अजून आलो नाही.

भिंगारकर | १४ डिसेंबर, रात्री १०:५५

आजींच्या बाजूने माझं मत.

साळुंकी | २६ डिसेंबर, दुपारी ३:४०

सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. मुलगा या वर्षी मेंढपाळ झाला, भिंगारकरांनी सांगितलेली घोंगडी गावाहून मागवली होती.

२३ च्या रात्रीचं सांगायचंय. धाकटी झोपली होती. स्वयंपाकघरात सासूबाई शंकरपाळ्या कापत होत्या, मी तळत होते, मुलगा ओट्याशी बसून मत्तयाचा दुसरा अध्याय मोठ्याने वाचत होता. राहेलच्या ओळीशी थांबला. जुनी_वहींनी लिहिलं होतं तसं सांगितलं, राहेल कोण, गाव केवढं. दहा-वीस म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आमच्या वर्गातल्या दोन रांगा." मग पुन्हा तोच प्रश्न. मी म्हटलं, मला माहीत नाही रे, मत्तयानेही सांगितलेलं नाही.

थोडा वेळ नुसता तेलाचा आवाज. मग सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या बाबाच्या आधी मला एक मुलगा झाला होता. अकरा महिन्यांचा होऊन गेला. गोवर आला होता."

मला हे नवऱ्याकडून एका वाक्यात कळलं होतं. त्यांच्या तोंडून बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मुलाने नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्याकडे पण देवदूत आला नाही?" त्या म्हणाल्या, "नाही आला. शेजारची आली. तीन दिवस तिनेच आमची चूल पेटवली."

तो उठला, त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि कापलेल्या शंकरपाळ्या सुट्या करायला लागला. त्याने पुढे काही विचारलं नाही. रात्री साडेअकरापर्यंत दोघं बसले होते, मी गॅस बंद करून आले तरी.

मेधा_के | २६ डिसेंबर, संध्याकाळी ५:००

आजींना माझा नमस्कार सांगा.

रेवदंडा_ते_अश्दोद | २६ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

माझ्याकडूनही. आमच्या आजीचंही एक असं बाळ होतं, रेवदंड्यात पुरलेलं. इस्राएलला येताना तिने तिथली मूठभर माती रुमालात बांधून आणली होती.

नंदाखालकर | २६ डिसेंबर, रात्री ९:१५

साळुंकीताई, परवा २८ तारीख. सकाळच्या मिस्सेला मी जातोच. आजींची हरकत नसेल तर त्या बाळाचं नाव मला व्यनि करा, प्रार्थनेत घ्यायला फादरांना सांगतो.

साळुंकी | २७ डिसेंबर, सकाळी ७:३०

विचारलं. हो म्हणाल्या. व्यनि केलाय. तुमच्या फादरांकडून वाचताना चुकू नये म्हणून नाव त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.